‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात काय लिहायचं?

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्रीचे पावणेदोन वाजले असतील. शेजारच्या बाईंच्या घरातून भिंतीवर ठोकल्याचा आवाज आला. डोंबिवलीतली आमची इमारत जुनी, दोन घरांमधली भिंत चार इंची, पण बाईंनी ती कधी उगाच वाजवलेली नाही. त्यांच्या दाराची एक किल्ली माझ्याकडे असते. आत गेले तर बाई मोरीच्या उंबऱ्यापाशी आडव्या, हातात स्टीलचा तांब्या, त्यानेच भिंत वाजवत होत्या. उजवा पाय बाहेरच्या अंगाला वळलेला. "उठवू नकोस गं, खुबा गेलाय," त्या म्हणाल्या. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं त्यांनी. आवाज वर्गात असायचा तसाच, न चढलेला.

रुग्णवाहिका मिळाली, हॉस्पिटलात पोचलो. काउंटरवर फॉर्म भरायला घेतला. नाव, वय ७९, पत्ता, आधार क्रमांक, आणि मग ‘रुग्णाशी नाते’. मी ‘शेजारी’ लिहिलं. काउंटरवरच्या मुलाने कागद परत सरकवला. "नातेवाईक कोण आहेत? मुलगा, मुलगी?" नाहीत, म्हटलं. "मग भाऊ, पुतण्या, कोणीतरी असेलच ना?" पुतण्या आहे, बंगळुरूला, त्याचा फोन बंद होता. तीन हातांवर स्ट्रेचरवर बाई पूर्ण शुद्धीत होत्या. "अरे, माझा पाय मोडलाय, हात नाही. मी करते ना सही," त्यांनी दोनदा सांगितलं. त्यांच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. शेवटी मी ‘शेजारी’ खोडून ‘बहीण’ लिहिलं. आमची आडनावं वेगळी, वयांत अठरा वर्षांचं अंतर. कोणी काही विचारलं नाही. फाइल पुढे सरकली आणि बाईंना आत घेतलं.

खोटं लिहिल्याची मला लाज वाटत नाही. पण ते लिहावं लागलं याचा राग मात्र अजून उतरलेला नाही. कारण कायदा बाईंच्या बाजूने होता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं आहे की सज्ञान आणि समज असलेल्या रुग्णाची संमती त्याची स्वतःचीच घ्यायची. त्या खटल्यात रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईने दिलेली संमतीसुद्धा न्यायालयाने ग्राह्य धरली नाही, कारण जीव वाचवण्याची तातडी तिथे नव्हती. मग नातेवाईक हवा असतो तो कशासाठी? बिल कोण भरणार, उद्या काही बरंवाईट झालं तर उत्तर कोणाला द्यायचं, आणि देह ताब्यात कोण घेणार, या तीन प्रश्नांसाठी. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला वरून तसंच सांगितलेलं असतं. पण ज्या माणसाच्या पोटी मूल नाही, त्याला म्हातारपणी पहिली भिंत आडवी येते ती इथे, या एका रकान्यात.

मी एकसष्ट वर्षांची आहे. मलाही मूल नाही, नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हा हा विषय मी लांबून पाहत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मूल नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘माझं माणूस हे’ असं म्हणून कोणाचं तरी नाव लिहिता यायला हवं, आणि त्या नावाला हॉस्पिटलात, बँकेत, कचेरीत रक्ताच्या नात्याइतकं वजन मिळायला हवं. आणि उठवणं, बसवणं, अंघोळ घालणं, औषध देणं हे हातांचं काम कोणत्याही वॉर्डात, कोणत्याही गावात सार्वजनिक सेवा म्हणून मिळायला हवं, नळाला पाणी येतं तसं. आज या दोन्हींपैकी एकही गोष्ट आपल्याकडे धड नाही. आणि ती नाही हे आपण बोलत नाही, कारण आपल्याकडे त्याऐवजी एक प्रार्थना आहे: "हातीपायी धड असताना ने रे बाबा. चालताबोलता मरण दे." माझ्या ओळखीच्या प्रत्येक निपुत्रिक माणसाने म्हातारपणाचं नियोजन म्हणून मला हेच वाक्य ऐकवलेलं आहे. मीही ते म्हणत आले. बाईंचा खुबा मोडल्यावर बंद केलं.

आपली भाषा बघा. महाराष्ट्र सरकार ६५ वर्षांवरच्या निराधारांना जे निवृत्तिवेतन देतं त्या योजनेचं नाव काय, तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. आईबापांना कावडीत बसवून नेणाऱ्या मुलाचं नाव आपण अशा माणसांच्या पेन्शनला दिलं, ज्यांच्यातल्या कित्येकांना मूलच नाही. १९९५ साली राज्यात युतीचं सरकार आलं आणि वृद्धाश्रमांची योजना निघाली, तिचं नाव मातोश्री. योजना चांगल्या हेतूने निघाल्या, मला त्याबद्दल शंका नाही. पण म्हातारं माणूस म्हणजे कोणाचे तरी आई-वडील, हे आपण इतकं गृहीत धरून बसलो आहोत की दुसरं काही मनात येतच नाही. आणि रक्कम? श्रावणबाळचे महिन्याला १,५०० रुपये. तेही कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर. म्हणजे महिन्याला १,७५० रुपयांपेक्षा जास्त मिळकत असलेला माणूस सरकारच्या हिशेबी निराधार नाही. पन्नास रुपये रोजात औषधं घ्यायची की कोणाच्या हातावर दोन पैसे ठेवून भाकरी करून घ्यायची, हे त्या माणसाने ठरवायचं.

पूर्वी असं नव्हतं, एकत्र कुटुंबात सगळ्यांचं निभायचं, असं लोक म्हणतात. निभायचं, हे खरं. कोणाच्या जिवावर निभायचं, ते मात्र सांगत नाहीत. माझ्या आजोळी चिपळूणजवळच्या घरात आजोबांची आत्या होती. नवव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी वैधव्य, मग जन्मभर माहेरी. घरातली सगळी बाळंतपणं तिने केली. पणजोबा लकव्याने सात वर्षं अंथरुणात होते, त्यांचं हागणंमुतणं तिने काढलं. पणजोबांना चार मुलगे होते, आणि गावात नाव झालं ते मुलांनी बापाचं केलं म्हणून. अशी आत्या त्या काळात घरोघरी होती. आपण ज्याला कुटुंबाने केलेली सेवा म्हणतो ती बरीचशी निपुत्रिक बायकांनी आणि परक्या घरातून आलेल्या सुनांनी केलेली आहे. त्या आत्याची स्वतःची शेवटची दोन वर्षं माजघरामागच्या काळोख्या खोलीत गेली. आईला आठवतं ते एवढंच, की तिचं ताट दाराबाहेर ठेवलेलं असायचं आणि कधी कधी संध्याकाळपर्यंत तसंच असायचं. याच मातीत पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदासदन काढलं, धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. मागेपुढे कोणी नसलेल्या बाईचा विचार घराबाहेर येऊन करावा लागतो, हे या राज्यात सव्वाशे वर्षांपूर्वीच कोणाला तरी कळलं होतं.

आता कायद्याकडे येते. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ साली केंद्राने कायदा केला. प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. मूल नसलेल्या ज्येष्ठाचाही त्यात विचार केलेला आहे, आणि तो कसा केला आहे हे मुळातून वाचण्यासारखं आहे. मूल नसेल तर ‘नातेवाईक’ जबाबदार. नातेवाईक कोण? जो कायदेशीर वारस आहे, आणि ज्याच्या ताब्यात त्या ज्येष्ठाची मालमत्ता आहे किंवा मृत्यूनंतर येणार आहे, तो. एकाहून जास्त असतील तर ज्याला जितका वाटा मिळणार त्या प्रमाणात त्याने खर्च उचलायचा. वकिली डोक्याने पाहिलं तर व्यवस्था तर्कशुद्ध आहे. पण तिचा अर्थ असा होतो, की ज्याच्या नावावर घर नाही, जमीन नाही, त्याला या कायद्याने नातेवाईकच नाही. धुणीभांडी करून म्हातारी झालेली, भाड्याच्या खोलीत राहणारी निपुत्रिक बाई प्रांताकडे कोणाविरुद्ध अर्ज करणार? तिच्यासाठी त्याच कायद्यात वृद्धाश्रमाची तरतूद आहे: प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, निदान १५० निराधार ज्येष्ठांना पुरेल असा. पण वाक्यातलं क्रियापद आहे राज्य सरकार ‘स्थापन करू शकेल’. करायलाच हवा असं कुठे लिहिलेलं नाही.

आणि ज्यांच्याकडे मालमत्ता आहे त्यांचं तरी धड आहे का? हिंदू वारसा कायद्याचं पंधरावं कलम बघा. विधवा, निपुत्रिक बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिची स्वकष्टाची मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे स्वतःचे आईबाप त्यांच्यानंतर. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ज्या प्रकरणाचा निकाल दिला ती हकिकत वाचून मी रात्रभर झोपले नव्हते. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला. त्या मुलीला सासरच्यांनी बाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, आयुष्यभर माहेरी राहिली, मृत्युपत्र न करता वारली. बँकेतल्या ठेवी, भविष्यनिर्वाह निधी, सगळं मिळालं कोणाला? नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. तिच्या आईने दावा केला होता. न्यायालयाने परिस्थितीची दखल घेतली, पण कायदा आहे तसा लागू केला. तेव्हा हे वाचणाऱ्या, मूल नसलेल्या प्रत्येक बाईला माझं कळकळीचं सांगणं आहे: मृत्युपत्र करा, आज करा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनीही खाली सह्या केल्या, तरी ते होतं.

पण मृत्युपत्र उपयोगी पडतं मेल्यावर. मला काळजी आहे ती त्याआधीच्या दहा वर्षांची, जेव्हा माणूस आहे पण त्याचं भान जातं-येतं. बहुतेकांना वाटतं की कुलमुखत्यारपत्र केलं की झालं. मीही बँकेत नोकरी करूनसुद्धा बरीच वर्षं तसंच समजत होते. आपल्या करार कायद्याच्या २०१ व्या कलमाप्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की ते मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज लागते, नेमका त्याच दिवशी तो कागद निकामी होतो. स्मृतिभ्रंश झाल्यावरही चालू राहील असं मुखत्यारपत्र बऱ्याच देशांत करता येतं. आपल्याकडे तशी सोय नाही. पालक नेमण्याचा १८९० चा कायदा अज्ञान मुलांसाठी. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी अशा विशिष्ट अपंगत्वांपुरता. म्हातारपणच्या स्मृतिभ्रंशाला तो लागू नाही. उरतं उच्च न्यायालय. कोमात गेलेल्या नवऱ्याच्या खात्यातून त्याच्याच उपचाराला पैसे काढता यावेत म्हणून बायकांना तिथपर्यंत जावं लागलेलं आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या, त्याही कायदेमंडळाने काही केलं नव्हतं म्हणून. सख्ख्या बायकोची ही गत असेल तर शेजारणीने काय करायचं?

हे सगळं अशक्य कोटीतलं आहे असं मात्र नाही. आपल्याच मुंबईत एक उदाहरण घडलेलं आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ ला त्या गेल्या, तोवर जवळजवळ बेचाळीस वर्षं त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. ज्यांनी सुरुवात केली त्या निवृत्त झाल्या, मग ज्या आल्या त्यांच्या जन्माआधीपासून अरुणाताई तिथे होत्या, तरी काम चालू राहिलं. इतक्या वर्षांत त्यांना बेडसोर होऊ दिला नाही. ज्याने घरी अंथरुणातल्या माणसाचं केलेलं आहे त्यालाच कळेल हे वाक्य किती मोठं आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची, चादरीला सुरकुती पडू द्यायची नाही, आणि हे एक दिवस नाही, बेचाळीस वर्षं. त्यांच्यासाठी केलेल्या दयामरणाच्या याचिकेवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा प्रश्न निघाला की त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार कोणाचा. आईवडील नव्हते, मूल नव्हतं. न्यायालयाने सांगितलं, अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, कारण रात्रंदिवस त्यांनी केलं आहे. इंग्रजी कायद्यात अशा माणसाला शब्द आहे ‘नेक्स्ट फ्रेंड’, म्हणजे जवळचा मित्र. त्या दिवशी देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात मैत्र लिहिलं. मला ते डोळ्यांत पाणी आणणारं वाटतं. आणि त्याच वेळी वाटतं, की यासाठी माणसाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागू नये.

थोडी दारं किलकिली झाली आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या चौदाव्या कलमाने कोणाही सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी नेमता येतो, साध्या कोऱ्या कागदावर, सही किंवा अंगठा करून. तो नातेवाईकच असला पाहिजे अशी अट नाही, फक्त त्याची लेखी तयारी हवी. या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांतला गंभीर बिघाडही येतो. पैशांच्या व्यवहाराला हा कागद चालत नाही, पण अशा मानसिक आजाराच्या उपचारांपुरता चालतो. दुसरं, अखेरचं इच्छापत्र, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवणं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ते मान्य केलं, आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. त्यात आपल्या वतीने कोणी बोलायचं त्यांची नावं घालायची असतात. शब्द आहेत ‘पालक किंवा जवळचे नातेवाईक’, पण पालक कोण ते आपण ठरवू शकतो. हे किती लोकांना ठाऊक आहे? आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी विचारलं, चाळीसजणांत एकाला.

यावर मला हटकून एक गोष्ट ऐकवली जाते. मूल नको हे तुम्हीच ठरवलंत, मग आता समाजाने का करायचं? एक तर सगळ्यांनी ठरवलेलं नसतं. कोणाला झालं नाही, कोणाचं गेलं, कोणाचं लग्नच झालं नाही कारण पाठच्या भावंडांचं करता करता वय उलटलं. पण ज्यांनी ठरवलं त्यांचंही बोलू. गिरगावातल्या ठाकूरद्वारच्या एका वृद्ध जोडप्याने २०१७ च्या अखेरीस राष्ट्रपतींना पत्र लिहून इच्छामरण मागितलं होतं. वर्तमानपत्रांत ते खूप गाजलं. दोघंही नोकरी करून निवृत्त झालेले, मूल नको हे तरुणपणीच ठरवलेले. मोठा आजार नव्हता. परावलंबी होऊन कोणावर भार होण्याआधी जाऊ द्या, एवढंच मागणं होतं. तेव्हा मी त्यांच्यावर चिडले होते. आज वाटतं, दोन सुशिक्षित, धडधाकट माणसांना मरण मागणं हे मदत मागण्यापेक्षा सोपं वाटावं, हा आपल्या सगळ्यांवरचा ठपका आहे. निपुत्रिक माणूस जन्मभर कर भरतो, त्यातून दुसऱ्यांच्या मुलांच्या शाळा चालतात, लसी येतात. बाईंच्या हाताखालून दोन हजार मुलं तरी गेली असतील. मुलांशिवायची माणसं समाजाच्या हिशेबात कधी बाहेरची नव्हती. आणि मुलं असणं ही हमी असती तर २००७ चा कायदा करावाच लागला नसता. सांभाळायच्या म्हाताऱ्या माणसाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, हे कलम मुलं आईबापांना टाकतात म्हणूनही लिहावं लागलं.

दुसरा आक्षेप खरा गंभीर आहे, आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. नेमलेलं माणूसच लुबाडेल त्याचं काय? लुबाडतात. बँकेच्या काउंटरमागे मी तीस वर्षं बसले. थरथरत्या हाताचा अंगठा धरून स्लिपवर टेकवणारे ‘जवळचे’ मी पाहिले आहेत. त्यात पुतणे होते, भाचे होते, पोटचे मुलगेही होते. म्हणूनच मला वाटतं, माणूस नेमायची सोय कायद्याने द्यावी आणि कुंपणही कायद्यानेच घालावं. एकाऐवजी दोघं नेमावेत. दुय्यम निबंधकाकडे नोंद असावी. भान गेल्याचं प्रमाणपत्र सरकारी डॉक्टरने द्यावं, आणि वर्षातून एकदा जमाखर्च प्रांताधिकाऱ्यापुढे ठेवावा. माझा आणखी एक आग्रह आहे, जो माझ्या काही मैत्रिणींना पटत नाही: ज्याच्या हाती उपचारांचा निर्णय, त्याच्या नावावर घर नसावं. त्या म्हणतात, मग कोण करेल? पण घराच्या आशेने जो करतो त्याला आपल्या लांबलेल्या आयुष्याचं काय वाटेल, हाही विचार करायला हवा.

आता हातांचं काम. बाईंच्या खुब्याचा गोळा बदलला, अकराव्या दिवशी घरी आल्या. त्याआधीच आम्ही तीन वृद्धाश्रमांत फोन केले होते. तिन्हींकडे उत्तर तेच: चालते-फिरते असाल तर घेऊ, आणि ‘पालक’ म्हणून नातेवाइकाची सही लागेल. म्हणजे ज्यांना गरज सगळ्यात कमी त्यांना जागा सगळ्यात आधी. सरकारने ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांचं संरक्षण दिलं, ही मोठी गोष्ट आहे. पण ते हॉस्पिटलातल्या खाटेपुरतं. घरच्या खाटेवर डायपर बदलणाऱ्या हाताचे पैसे त्यातून मिळत नाहीत. ते हात आणायचे रुग्णसेवेला बायका पुरवणाऱ्या ब्युरोतून.

आमच्याकडे आल्या त्या मावशी परभणीकडच्या. कामाला येणाऱ्या बाईला आपण मावशी म्हणतो, हे मी इतकी वर्षं कधी मनावर घेतलं नव्हतं. बारा तासांचे आठशे रुपये, त्यातले दीडशे ब्युरोचे. बाईंना पेन्शन आहे म्हणून हे परवडतं. पहिल्या दिवशी मावशींनी बाईंना उठवलं ते बघण्यासारखं होतं. एक हात काखेखाली, एक कमरेच्या पट्ट्यात, स्वतःचा गुडघा बाईंच्या गुडघ्याला टेकवून, "बाई, तीन म्हणल्यावर उठायचं हां, माझ्या आधी नाही." कुठे शिकलात, विचारलं तर म्हणाल्या, "पडून पडून." एकदा पेशंटला उचलताना त्यांचाच मणका दुखावला होता, तीन महिने घरी बसल्या, ब्युरोने विचारलंही नाही. वय बावन्न. दोन मुलगे आहेत, एक रिक्षा चालवतो, एक गावाकडे. एकदा दुपारी बाई झोपल्यावर मी विचारलं, तुमचं पुढे कोण करणार? भांडं पुसता पुसता त्या म्हणाल्या, "मुलं हायेत. पण करायला कोण येईल, ते मला बी ठाव न्हाई."

केरळात हे काम वेगळ्या रीतीने उभं राहिलं. १९९३ साली कोझिकोडला वेदनाशमन आणि उपशामक सेवेची, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारातला त्रास कमी करणाऱ्या सेवेची, संस्था निघाली, पुढे गावोगावच्या स्वयंसेवकांचं जाळं झालं, आणि २००८ साली राज्याने उपशामक सेवेचं धोरण आणलं. ग्रामपंचायतीच्या पैशातून नर्स अंथरुणातल्या माणसाच्या घरी जाते, जखम धुते, नळी बदलते, घरच्यांना शिकवते. मूल आहे की नाही हे विचारून ती येत नाही. आपल्याकडे घरोघरी जाणारी बाई नाही असं नाही. आशाताई आहेत, गरोदर बाईच्या, तान्ह्या बाळाच्या दाराशी त्या पोचतात. जन्माच्या वेळी सरकार उंबऱ्यापर्यंत येऊ शकतं, तर शेवटी का नाही? माझी मागणी इथे ठोस आहे. महापालिकेच्या प्रत्येक वॉर्डात आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात घरी जाणारी एक नर्स असावी, तिच्या हाताखाली शिकवलेल्या, नोंदणी झालेल्या, पाठीला पट्टा आणि आजारपणाला भरपगारी रजा मिळणाऱ्या मावशी असाव्यात. ज्याला परवडतं त्याने पैसे द्यावेत, ज्याला नाही त्याच्याकडून घेऊ नयेत. आणि प्रत्येक हॉस्पिटलच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ याच्या जागी ‘रुग्णाने नेमलेली व्यक्ती’ असं छापावं. या शेवटच्या गोष्टीला पैसासुद्धा लागत नाही.

दिवाळीनंतर बाई वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत यायला लागल्या. एका रविवारी त्यांनी कोरा कागद मागितला आणि चौदाव्या कलमाचा मजकूर स्वतः लिहिला. फळ्यावर लिहायच्या तसंच अक्षर, रेघेला धरून. माझं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, मग पेन थांबलं. "नातं लिहायचं ना गं? यात लागत नाही म्हणतेस, पण मला लिहायचंय. आता खरं लिहू?" त्यांनी ‘शेजारीण’ लिहिलं. मी खाली तयारीची सही केली. त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या, एक माझ्याकडे, एक बंगळुरूला पुतण्याला, एक दारामागच्या पिशवीत, आधार कार्डाच्या सोबत.

मावशी हे सगळं बघत होत्या. निघताना चप्पल घालता घालता म्हणाल्या, "ताई, मला बी असा एक करून देता का?" मी तिथेच बसून लिहून काढला. माणसाचं नाव काय घालू, विचारलं. त्या बऱ्याच वेळ दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. दोन दिवस विचार करून सांगते, म्हणाल्या. तो कागद माझ्या खणात आहे, नावाची जागा अजून रिकामी आहे.